वाफ पुरली का? ब्रिटिश रेल्वे इंजिनांच्या चित्रफलकांच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दिवाळीनंतर भरणाऱ्या प्रदर्शनासाठी ब्रिटनमधील वाफेच्या इंजिनांचा इतिहास मराठी चित्रफलकांतून मांडण्याचे काम आज रीतसर सुरू केले. मजकूर मी लिहायचा, छेदचित्रे आमच्या चित्रकार मित्राने काढायची आणि प्रत्येक फलकावर तीनशे शब्दांपेक्षा अधिक मजकूर चढवायचा नाही, एवढे ठरले आहे.

पहिला प्रश्न मांडणीचा होता. हा इतिहास बहुधा वेगाच्या विक्रमांच्या क्रमाने सांगितला जातो: १८२९ मध्ये ताशी तीस मैलांच्या आसपास, १९०४ मध्ये शंभरी ओलांडल्याचा दावा, १९३८ मध्ये १२६. अशा मांडणीत चित्रे देखणी मिळतात, परंतु एक इंजिन दुसऱ्याहून सरस का ठरले, हे वाचकाच्या हाती लागत नाही. सिलिंडरमधील दट्ट्याने दांडा ढकलायचा आणि दांड्याने चाक फिरवायचे, ही मूळ रचना १८३० नंतर शेवटपर्यंत टिकली. अभियंत्यांची झटापट चालली ती मुख्यतः बॉयलरशी, कारण दट्ट्याला लागेल तितकी वाफ, लागेल तितका वेळ तयार करता आली तरच बाकीच्या यंत्रणेचा उपयोग होता. म्हणून प्रत्येक फलकाला एकच प्रश्न विचारायचा असे ठरवले आहे: या इंजिनाला वाफ पुरत होती का, आणि नसेल तर ती कुठे अडत होती? वेगाचे आकडे चौकटीत जातील.

८ जून २०२४

पहिला फलक दक्षिण वेल्समधील पेनिडॅरनचा. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या इंजिनाने दहा टन लोखंड, पाच वाघिणी आणि सुमारे सत्तर माणसे मर्थर टिडफिलजवळून अबरकिनॉनपर्यंत, म्हणजे नऊ मैलांहून थोड्या अधिक अंतरावर, चार तास पाच मिनिटांत नेली. वाटेतील काही झाडे तोडावी लागली आणि मोठे दगड हलवावे लागले, तो वेळही त्यातच धरलेला आहे. कारखान्याचे मालक सॅम्युएल होमफ्रे यांनी शेजारचे कारखानदार रिचर्ड क्रॉशे यांच्याशी या कामगिरीवर ५०० गिनींची पैज लावली होती, त्यामुळे प्रसंगाला अर्धे जत्रेचे आणि अर्धे कज्जाचे रूप आले होते.

फलकात भर द्यायचा तो वाफेच्या दाबावर. जेम्स वॉट यांच्या परंपरेतील इंजिनांत वाफेचा दाब अगदी कमी असे आणि वाफ थंड करून निर्माण होणाऱ्या निर्वातावर बरेचसे काम चाले. त्यासाठी संघनक आणि थंड पाण्याचा मोठा साठा लागत असल्यामुळे असे यंत्र इमारतीतच शोभत असे. ट्रेव्हिथिक यांनी जास्त दाबाची वाफ वापरली, संघनक काढून टाकला, सिलिंडर लहान केला आणि वापरून झालेली वाफ धुराड्यात सोडली. त्या वाफेमुळे आग अधिक जोमाने पेटते, हेही त्यांच्या लक्षात आले होते. वाफ पुरली, हरले ते रूळ. घोड्यांच्या गाड्यांसाठी बसवलेल्या ओतीव लोखंडाच्या पट्ट्या सुमारे पाच टनांच्या यंत्राखाली तुटू लागल्या आणि इंजिन पुन्हा कारखान्यातील स्थिर कामाला जुंपले गेले.

१४ जून २०२४

कोळसा खाणींवरील इंजिनांचा फलक आटोपशीर ठेवला. लीड्सजवळच्या मिडलटन रेल्वेवर १८१२ मध्ये जॉन ब्लेंकिन्सॉप आणि मॅथ्यू मरे यांनी दातेरी रूळ व दातेरी चाक वापरले, कारण गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक नुसतेच घसरेल, ही भीती तेव्हा खरी वाटत होती आणि तुटके रूळ पाहता हलके इंजिन हवे असणेही स्वाभाविक होते. त्यानंतर एक-दोन वर्षांतच वायलम येथील विल्यम हेडली यांच्या ‘पफिंग बिली’ने आणि १८१४ मध्ये किलिंगवर्थ येथील जॉर्ज स्टीफन्सन यांच्या ‘ब्ल्यूखर’ने गुळगुळीत चाकाची पकड पुरेशी असल्याचे दाखवून दिले.

२७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गाच्या उद्घाटनाला धावलेल्या ‘लोकोमोशन’ची जागाही याच फलकावर आहे. एवढे प्रसिद्ध इंजिन अर्ध्या फलकात का, असे चित्रकाराने विचारले. उत्तर बॉयलरमध्ये आहे: त्यात पाण्याच्या पिंपातून आगीची एकच मोठी नळी आरपार जाते, त्यामुळे आगीचा पाण्याशी संबंध फार थोड्या पृष्ठभागावर येतो आणि वाफ सावकाश तयार होते. कोळशाच्या वाघिणी बैलगाडीहून थोड्या वेगाने ओढायच्या असतील तर तेवढे चालते. १८२८ मध्ये याच इंजिनाच्या बॉयलरचा स्फोट होऊन चालक मरण पावला, ही नोंद फलकावर घेतली आहे, कारण जास्त दाबाच्या वाफेची किंमत कोणी मोजली, ते प्रदर्शनात कुठेतरी दिसलेच पाहिजे.

२२ जून २०२४

रेनहिलच्या चाचण्यांसाठी दोन फलक राखून ठेवले होते. मजकूर लिहिताना तेही अपुरे वाटू लागले.

लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग बांधून होत आला, तरी त्यावर गाड्या कशाने ओढायच्या, याविषयी संचालकांत एकमत नव्हते. ठिकठिकाणी स्थिर इंजिने बसवून दोरांनी गाड्या ओढाव्यात, असा सल्ला जाणकारांनीच दिला होता. अखेर कंपनीने ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले आणि ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिलच्या सपाट पट्ट्यावर स्पर्धा घेतली. अटी वाचताना त्या लिहिणाऱ्यांविषयी आदर वाटतो, कारण त्यांत वेगापेक्षा टिकाव तपासला जात होता. इंजिनाने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट भार ताशी किमान दहा मैल सरासरीने ओढावा, बॉयलरचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांहून अधिक नसावा, इंजिनाने आपला धूर आपणच जाळावा, आणि दीड-पावणेदोन मैलांच्या पट्ट्यावर दहा वेळा ये-जा करून लिव्हरपूल ते मँचेस्टर एवढे अंतर कापावे, मग इंधन-पाणी घेऊन तेवढेच पुन्हा कापावे.

पाच नावे नोंदली गेली. त्यांपैकी ‘सायक्लोपेड’मध्ये तर पट्ट्यावर चालणारा घोडाच होता. बर्स्टॉल यांचे ‘पर्सिव्हिअरन्स’ वाटेतच मोडले आणि दुरुस्तीनंतरही मागे पडले. प्रेक्षकांचे लाडके होते ब्रेथवेट आणि एरिक्सन यांचे ‘नॉव्हेल्टी’, कारण ते हलके, देखणे होते आणि पहिल्या दिवशी ताशी २८ मैलांच्या आसपास धावले. परंतु त्याच्या आगीला हवा देणारा भाता आणि बॉयलरचे सांधे वारंवार दगा देत राहिले. टिमोथी हॅकवर्थ यांच्या ‘सां पारेय’मध्ये पूर्वीच्याच पद्धतीची परत फिरणारी एक नळी होती. ती पुरेशी तापावी म्हणून वापरलेल्या वाफेचा झोत धुराड्यात इतका जोरदार सोडला होता की अर्धवट जळालेला कोकही (कोळसा भाजून केलेले, जवळजवळ बिनधुराचे इंधन) धुराड्यातून उडून जात असे. शेवटी पाण्याचा पंप बंद पडून त्याची फेरी संपली. हे इंजिन टाकाऊ मात्र नव्हते, त्याने पुढे बोल्टन–लीह मार्गावर अनेक वर्षे काम केले.

‘रॉकेट’ जिंकले ते बॉयलरवर. जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या या इंजिनाच्या सहा फूट लांबीच्या बॉयलरमधून तीन इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या जात होत्या. ही कल्पना कंपनीचे खजिनदार हेन्री बूथ यांनी सुचवली होती. फ्रान्समध्ये मार्क सेगाँ स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते. हिशेब साधा आहे आणि तो फलकावर चित्रासह द्यायचा आहे: तीन इंच व्यासाची, सहा फूट लांबीची एक नळी पाण्याला सुमारे पावणेपाच चौरस फूट तापलेला पृष्ठभाग देते, आणि २५ नळ्या मिळून जवळपास ११८ चौरस फूट. शिवाय आग बॉयलरच्या पोटात न ठेवता मागे पाण्याने वेढलेल्या स्वतंत्र फायरबॉक्समध्ये ठेवली होती. धुराड्यात वर तोंड करून सोडलेला वाफेचा झोत नळ्यांतून गरम वायू खेचून घेत असे. चुलीला फुंकणी घालावी तसाच हा प्रकार, एवढाच फरक की येथे फुंकणी धुराकडच्या बाजूला असते आणि इंजिन जितके जोरात काम करील तितकी ती आपोआप जोरात चालते. मागणी वाढली की पुरवठाही वाढतो, अशी ही योजना पुढे ब्रिटनच्या वाफेच्या युगाच्या अंतापर्यंत प्रत्येक इंजिनात राहिली.

२५ जून २०२४

चित्रकाराने ‘रॉकेट’चे पहिले रेखाटन पाठवले. त्यात सिलिंडर जवळजवळ आडवे आहेत, कारण संग्रहालयात जपलेले इंजिन तसेच आहे. स्पर्धेच्या वेळी ते तीव्र तिरपे होते आणि त्यामुळे इंजिन धावताना डुलत असे. काही महिन्यांतच ते खाली आणले गेले आणि पुढे धूरपेटीही (धुराड्याखालची, नळ्यांतला धूर जमणारी पेटी) जोडली गेली. आम्ही १८२९ ची स्थिती दाखवणार आहोत, म्हणून चित्र पुन्हा काढायला सांगितले आहे.

१५ सप्टेंबर १८३० च्या उद्घाटनात खासदार विल्यम हस्किसन याच ‘रॉकेट’खाली सापडून मरण पावले. हा प्रसंग सगळीकडे सांगितला जातो, त्यामुळे येथे दोन ओळींत आवरला. जागा ‘प्लॅनेट’ला दिली. १८३० च्या अखेरीस आलेल्या या इंजिनात सिलिंडर पुढच्या बाजूला आत, उबदार धूरपेटीखाली गेले आणि वाफ थंड होऊन वाया जाण्याचे प्रमाण घटले. ‘रॉकेट’ वर्षभरातच जुने झाले होते.

२ जुलै २०२४

गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधील अंतराच्या, वादाचा फलक. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी अभियंता ब्रुनेल यांनी सात फुटांहून किंचित जास्त रुंदीचा मार्ग निवडला, तर स्टीफन्सन परंपरेचे मार्ग चार फूट साडेआठ इंचांचे होते. दोन्ही मार्ग ग्लॉस्टरला भेटू लागले, तेव्हा प्रत्येक पेटी, पोते आणि जनावर एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. मिरजेच्या जुन्या फलाटांवर गाडी बदललेल्या वाचकांना हा त्रास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. १८४५ च्या आयोगापुढे झालेल्या चाचण्यांत डॅनियल गूच यांची रुंद मार्गावरील इंजिने सरस ठरली, तरी अरुंद गेजचे मैल कितीतरी अधिक होते, आणि १८४६ च्या कायद्याने नव्या प्रवासी मार्गांसाठी ब्रिटनमध्ये तेच प्रमाण ठरवले. रुंद गेजचा शेवटचा भाग मे १८९२ मधील एका शनिवार-रविवारात बदलण्यात आला.

माझ्या प्रश्नाशी या वादाचा संबंध थेट आहे. रुंद मार्गावर फायरबॉक्स आणि बॉयलर रुंद करायला वाव होता. तो वाव ब्रिटनने सोडून दिला. त्याहून मोठी अडचण म्हणजे सुरुवातीचे पूल आणि बोगदे लहान इंजिने डोळ्यांपुढे ठेवून बांधले गेले होते, त्यामुळे इंजिनाला उंचीत साधारण १३ फूट आणि रुंदीत साधारण ९ फूट एवढीच चौकट मिळाली. युरोप-अमेरिकेतील मोकळ्या चौकटीत वाढलेल्या बॉयलरच्या तुलनेत ब्रिटिश अभियंता शेवटपर्यंत या चौकटीत अडकून राहिला. सर्वांत आधी रेल्वे बांधल्याचा हा दंड होता, असे माझे मत आहे आणि ते फलकावर मत म्हणूनच जाईल.

९ जुलै २०२४

आपल्याकडचा धागा कोठे घालावा, यावर आज चर्चा झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीची इंजिने लँकेशायरमधील न्यूटन-ल-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. त्या कारखान्याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेला पहिली आठ इंजिने पुरवली. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले हे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले होते. आपला गेज मात्र साडेपाच फुटांचा ठरला, म्हणजे ब्रिटनने नुकताच सोडलेला रुंदीचा वाव येथे काही अंशी मिळाला.

याहून रंजक धागा उलट दिशेचा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेत अडीच फुटांच्या गेजवर प्रत्येक आसावरचा भार पाच टनांपेक्षा अधिक होऊ द्यायचा नाही, हे तत्त्व इंजिनांपासून वाघिणींपर्यंत पाळले होते. भार अनेक आसांवर वाटला की हलक्या रुळांवरही मोठा बॉयलर चालवता येतो. तेच कॅलथ्रॉप पुढे स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ मध्ये सुरू झालेल्या मार्गाचे अभियंता झाले आणि इंग्लंडच्या त्या हिरव्या खोऱ्यात मोठा दिवा लावलेली, थेट बार्शीच्या वळणाची इंजिने आणि सज्जाचे डबे धावू लागले. हा मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. कुर्डुवाडीचे लोक प्रदर्शनाला येतील तेव्हा या फलकापाशी थांबतील, अशी खात्री वाटते.

१७ जुलै २०२४

कोकपासून कोळशाकडे. या फलकाला कोणतेही प्रसिद्ध इंजिन लाभलेले नाही आणि म्हणूनच तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

धूर करू नये, ही रेनहिलची अट पुढे कायद्यातही आली, त्यामुळे १८५० च्या दशकापर्यंत ब्रिटिश इंजिने मुख्यतः कोक जाळत. कोळसा भट्ट्यांत भाजून कोक करायचा तर खर्च वाढतो. कोळसा थेट टाकला, तर त्यातून निघणारे वायू पुरते पेटण्याआधीच नळ्यांत शिरून थंड होतात. मग काळा धूरही होतो आणि त्यातील उष्णताही वाया जाते. लंडन अँड साउथ वेस्टर्नचे जोसेफ बीटी आणि साउथ ईस्टर्नचे जेम्स कडवर्थ यांनी यावर दुहेरी कप्प्यांचे, आगीखाली लांब उतरती जाळी असलेले गुंतागुंतीचे फायरबॉक्स बांधले. ते चालत होते, पण बांधायला महाग आणि दुरुस्तीला डोकेदुखीचे होते. मिडलंड रेल्वेवर मॅथ्यू कर्टली यांच्या हाताखाली चार्ल्स मार्कम यांनी १८६० च्या सुमारास जे केले, ते पाहून हसू यावे इतके साधे होते: फायरबॉक्समध्ये अग्निविटांची एक तिरपी कमान बांधली आणि कोळसा टाकण्याच्या तोंडापाशी हवा खाली वळवणारी एक पत्र्याची पट्टी बसवली. कमानीमुळे वायूंना नळ्यांत शिरण्याआधी लांब वळसा घ्यावा लागतो, तेवढ्या वेळात ते तापलेल्या विटांजवळ हवेत मिसळून जळून जातात. विटा आणि पत्रा. पुढच्या शंभर वर्षांत ब्रिटनमध्ये क्वचितच एखादे इंजिन या कमानीशिवाय बनले असेल.

त्याच सुमारास इंजेक्टर आला. तोपर्यंत बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे पंप इंजिनाच्या हालचालीवर चालत, त्यामुळे स्थानकात बराच वेळ उभ्या राहिलेल्या इंजिनाला केवळ पाणी भरण्यासाठी पुढे-मागे फिरवावे लागे. फ्रान्सचे आंरी जिफार यांनी १८५८ मध्ये शोधलेल्या या साधनात बॉयलरचीच वाफ निमुळत्या तोंडातून सुसाट सुटते, थंड पाण्यात मिसळून त्याला वेग देते आणि तो वेग पुन्हा दाबात बदलून पाणी त्याच बॉयलरमध्ये शिरते. त्या काळच्या अनेक अभियंत्यांना हे अशक्य वाटले होते. छेदचित्र काढल्याशिवाय आपल्या वाचकांनाही ते पटणार नाही.

जॉन रॅम्सबॉटम यांच्या दोन गोष्टी याच फलकावर येतील: चालकाला दडपून बंद करता येणार नाही अशी सुरक्षा झडप, आणि १८६० मध्ये उत्तर वेल्समधील मॉख्ड्रे येथे रुळांच्या मधोमध बसवलेली पाण्याची लांब पन्हाळ, जिच्यातून धावते इंजिन न थांबता पाणी उचलून घेत असे.

२६ जुलै २०२४

एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध एका फलकात उरकला. डॉनकास्टर येथे पॅट्रिक स्टर्लिंग यांनी १८७० पासून बांधलेली आठ फुटी चालकचाकाची इंजिने पाहायला फार सुंदर आहेत. एवढ्या मोठ्या चाकामुळे दट्ट्याचे फेरे कमी होतात आणि तेवढ्याच वेगाला वाफ बेताने लागते. १८९५ च्या उन्हाळ्यात पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरील कंपन्यांनी लंडन ते ॲबरडीन अशी शर्यत लावली, तेव्हा ‘हार्डविक’ या लहानशा इंजिनाने क्रू ते कार्लाइल हे १४१ मैल १२६ मिनिटांत कापले. गाडीला डबे मोजके होते, हे सांगायलाच हवे. डब्यांत जेवण, झोपण्याची सोय, उष्णता आणि बोगी आल्या, तशा गाड्या जड होत गेल्या आणि ही नाजूक इंजिने मागे पडली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माजवळ सुमारे ८० माणसे मरण पावली, त्यानंतर त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना सलग आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. तो कायदा चौकटीत घेतला आहे.

५ ऑगस्ट २०२४

जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड यांचा फलक आज पूर्ण झाला. ब्रिटिश इंजिनांच्या इतिहासात एकाच माणसाला सर्वाधिक श्रेय द्यायचे झाले, तर मी ते ग्रेट वेस्टर्नच्या स्विंडन कारखान्यातील या अभियंत्याला देईन. त्यांनी कोणताही एक मोठा शोध लावला नाही. दुसऱ्यांनी लावलेल्या शोधांपैकी कोणते एकत्र नांदतात, हे त्यांनी कसोशीने तपासले. सपाट माथ्याचा फायरबॉक्स बेल्जियमच्या बेलपेर यांचा, मागे रुंद आणि पुढे निमुळता होत जाणारा बॉयलर अमेरिकन धाटणीचा, आणि चार सिलिंडरांच्या मांडणीचा अभ्यास करण्यासाठी १९०३ मध्ये त्यांनी फ्रान्सहून ‘ला फ्रान्स’ हे इंजिनच विकत आणवले. दर चौरस इंचाला २२५ पौंडांचा दाब त्या काळी धाडसाचा होता. निमुळत्या बॉयलरचे कारण असे, की सर्वांत जास्त उष्णता फायरबॉक्सच्या भोवती असते, तेव्हा पाण्याला खेळायला जागाही तेथेच जास्त हवी. पुढच्या टोकाला तेवढे पाणी वाहून नेणे म्हणजे नुसता भार.

दुसरी बाब झडपांच्या हालचालीची. वाफ सिलिंडरमध्ये थोडाच वेळ सोडून उरलेला पल्ला तिला प्रसरण पावू दिले, तर तीच वाफ अधिक काम देते. परंतु झडप जेमतेम उघडत असेल, तर थोड्या वेळात पुरेशी वाफ आत जात नाही आणि वापरलेली वाफ सुखाने बाहेरही पडत नाही. चर्चवर्ड यांनी झडपांचा पल्ला लांब केला. जर्मनीच्या विल्हेल्म श्मिट यांच्या पद्धतीने वाफ पुन्हा तापवून कोरडी करण्याचा प्रयोगही स्विंडनने १९०६ मध्येच केला आणि पुढे स्वतःची पद्धत तयार केली.

‘सिटी ऑफ ट्रुरो’ने ९ मे १९०४ रोजी वेलिंग्टनच्या उतारावर ताशी १०२.३ मैल वेग गाठल्याचा दावा पाव मैलाचे खांब मोजून हातातील स्टॉपवॉचवर झाला होता आणि तो वादग्रस्त आहे. चौकटीत ‘दावा’ हाच शब्द राहील.

१३ ऑगस्ट २०२४

१९२३ मध्ये शंभराहून अधिक कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत एकवटल्या. दोन वर्षांनी ग्रेट वेस्टर्नचे ‘पेंडेनिस कॅसल’ लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून प्रतिस्पर्धी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे अभियंता नायजेल ग्रेस्ली यांच्या मोठ्या पॅसिफिक (सहा चालकचाकांच्या) इंजिनांशी तुलनेसाठी धावले आणि लहान असूनही त्याने कमी कोळशात तेच काम केले. ग्रेस्ली यांच्या बॉयलरमध्ये उणीव नव्हती. झडपांचा पल्ला आखूड होता आणि दाबही कमी, १८० पौंडांचा होता. त्यांनी झडपयंत्रणा बदलली, तेव्हा त्याच इंजिनांचा कोळसा मैलामागे सुमारे ५० पौंडांवरून ४० च्या आसपास आला. प्रतिस्पर्ध्याकडून शिकण्याचा हा मोठेपणा मला ‘मॅलार्ड’च्या विक्रमाहून जास्त मोलाचा वाटतो.

‘मॅलार्ड’ला टाळता येत नाहीच. ३ जुलै १९३८ रोजी स्टोक उतारावर सात डब्यांची, २४० टनांची गाडी घेऊन त्याने ताशी १२६ मैल गाठले. वाफेच्या इंजिनाचा हा विक्रम आजही मोडलेला नाही. चालक जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे यांची नावे फलकावर मोठ्या अक्षरांत आहेत. या धावेसाठी ग्रेस्ली यांनी हेच इंजिन निवडले, कारण त्याला दुहेरी धुराडे आणि फिनलंडचे किलाला व फ्रान्सचे शापलाँ यांच्या पद्धतीचा वाफनिष्कास बसवलेला होता: वापरलेली वाफ अडथळ्याविना बाहेर पडते आणि तरीही आगीला ओढ पुरते. मधल्या सिलिंडरच्या दांड्याचे मोठे बेअरिंग तापून निकामी झाले आणि इंजिन पीटरबरोला थांबवावे लागले. वाफ उरली होती, पोलाद दमले.

२० ऑगस्ट २०२४

फायरमनसाठी स्वतंत्र फलक करावा, हा आग्रह शेवटी मान्य झाला. १ मे १९२८ पासून लंडन ते एडिंबरा हे ३९२ मैल न थांबता धावणाऱ्या गाडीसाठी ग्रेस्ली यांनी टेंडरमधून (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीतून) एक अरुंद बोळ काढला, कारण अर्ध्या वाटेत चालक-फायरमनची जोडी बदलल्याशिवाय एवढा पल्ला माणसाच्या अंगाला झेपणारा नव्हता. फेब्रुवारी १९३९ मध्ये विल्यम स्टॅनियर यांच्या ‘डचेस ऑफ ॲबरकॉर्न’ने क्रू–ग्लासगो मार्गावर ६०५ टनांची गाडी ओढताना सिलिंडरांत ३,३३३ अश्वशक्ती दिली. त्यासाठी ५० चौरस फुटांच्या जाळीवर कोळसा टाकायला दोन फायरमन लागले. नेहमीच्या गाडीला एकच फायरमन मिळे. म्हणजे बॉयलर, झडपा आणि वाफेची वाट सुधारत नेल्यावर अखेरची मर्यादा उरली ती एका माणसाच्या फावड्याची.

अमेरिकेत यंत्राने कोळसा टाकण्याची पद्धत रुळली होती. ब्रिटनमध्ये 9एफ या मालगाडीच्या वर्गातील तीन इंजिनांवर ती १९५८ मध्ये बसवली गेली, तोवर फार उशीर झाला होता. पूल-बोगद्यांनी घातलेल्या चौकटीच्या मर्यादेवर आणखी एक ब्रिटिश तोडगा होता: हर्बर्ट गॅरट यांच्या पद्धतीत बॉयलर दोन स्वतंत्र इंजिनसांगाड्यांच्या मधोमध टांगलेला असतो, खाली चाके नसल्यामुळे तो आखूड, जाड आणि खोल फायरबॉक्सचा करता येतो. मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीची ही इंजिने ब्रिटनपेक्षा बाहेरच अधिक चालली; नागपूरच्या वाचकांसाठी बंगाल नागपूर रेल्वेच्या गॅरट इंजिनांचे छायाचित्र घेतले आहे.

२९ ऑगस्ट २०२४

राष्ट्रीयीकरणानंतरचा काळ. १९५१ पासून रॉबर्ट रिडल्स यांच्या देखरेखीखाली ९९९ प्रमाणित इंजिने बनली. त्यांचा भर साधेपणावर होता: शक्यतो दोनच सिलिंडर, तेही बाहेर, झडपयंत्रणा उघडी, राख झाडण्याची सोय उभ्याने करता येईल अशी. शेडमध्ये काळवंडून काम करायला माणसे मिळत नव्हती, आणि त्या काळातील कोळसाही पूर्वीच्या दर्जाचा उरला नव्हता. दहा चालकचाकांचे 9एफ हे मला या सगळ्यांत परिपूर्ण वाटते: पाच फुटी चाके मालगाडीसाठी, तरी एका प्रवासी धावेत ताशी ९० मैल. २५१ इंजिने बनली. शेवटचे ‘ईव्हनिंग स्टार’ १८ मार्च १९६० रोजी स्विंडनमधून बाहेर पडले आणि पाचच वर्षांत सेवेतून काढले गेले.

वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी फार तर सातआठ टक्केच ओढण्याच्या कामी लावते, हा आकडा फलकावर आहे. त्यात पहाटे आग पेटवण्यापासून रात्री राख काढण्यापर्यंतची मजुरी मिळवली, की वाफेऐवजी डिझेल आणि वीज आणणाऱ्या १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेचे गणित समजते. मात्र इतक्या नव्या इंजिनांना भंगारात काढण्याची घाई समजत नाही. ११ ऑगस्ट १९६८ च्या निरोपाच्या गाडीनंतर ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेची सेवा संपली.

७ सप्टेंबर २०२४

शेवटचा फलक. दक्षिण वेल्समधील बॅरी येथील वुडहॅम बंधूंच्या भंगारखान्यात आलेल्या २९७ इंजिनांपैकी २१३ हौशी मंडळींनी सोडवून नेली, कारण मालक आधी वाघिणी तोडत राहिले आणि इंजिने समुद्राच्या वाऱ्यात गंजत थांबली. वेल्समधील टालिलिन या छोट्या मार्गाने १९५१ मध्ये घालून दिलेला, स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याचा पायंडा तेव्हा तयारच होता.

अभियंता पेपरकॉर्न यांच्या ए१ वर्गातील ४९ इंजिनांपैकी एकही वाचले नव्हते, म्हणून डार्लिंग्टनमध्ये लोकवर्गणीतून ‘टॉर्नेडो’ नव्याने बांधले गेले आणि २००८ मध्ये धावले. सांगाडा, सिलिंडर, चाके ब्रिटनमध्ये झाली. मुख्य मार्गावर चालेल एवढा मोठा बॉयलर मात्र जर्मनीतील माइनिंगेन येथील कारखान्यातून आणावा लागला, कारण असे काम नित्य करणारा कारखाना ब्रिटनमध्ये उरला नव्हता. पूर्वीच्या तांब्याच्या फायरबॉक्सऐवजी यात तो पोलादाचा आणि वेल्डिंगने जोडलेला आहे. २०११ मध्ये फायरबॉक्समध्ये दोष आढळल्यावर बॉयलर पुन्हा माइनिंगेनला पाठवून दुरुस्त करून आणला गेला, आणि एप्रिल २०१७ मध्ये चाचणीच्या धावेत या इंजिनाने ताशी १०० मैल गाठले. या फलकाचे छेदचित्र आज आले. त्यातील फायरबॉक्सच्या भिंतींना पेलणारे खिळे ठळक करून घेतले की सर्व फलक छपाईला जातील.